मुरियोची रस्त्यावरची पोरं आणि वेदीवरचे संत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्तोलोमे एस्तेबान मुरियो (इंग्रजी वळणाने मुरिलो) हा सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार. कोणी त्याला ‘खरबूज खाणाऱ्या पोरांचा चित्रकार’ म्हणून ओळखतं, तर कोणी ‘ढगांवरच्या मरियेचा’ म्हणून. दोन्ही ओळखी एकाच माणसाच्या आहेत हे कळलं की पुढचे प्रश्न सुरू होतात.

मुरियो कुठला? घरची परिस्थिती काय होती?

दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिया (इंग्रजीत सेव्हिल) शहरातला. त्याचा बाप्तिस्मा १ जानेवारी १६१८ रोजी झाला, म्हणजे जन्म १६१७ च्या अखेरीचा. चौदा भावंडांत हा शेंडेफळ. वडील गास्पार एस्तेबान न्हावीकाम आणि शस्त्रवैद्यकी करायचे. त्या काळी हे दोन्ही धंदे एकाच माणसाकडे असत. मुरियो हे आडनाव आईकडून आलं. दहा वर्षांचा होईपर्यंत आई-वडील दोघंही गेले आणि थोरली बहीण आना आणि तिच्या नवऱ्याने त्याला सांभाळलं. मेहुणाही न्हावी-वैद्यच. चित्रकलेचे धडे त्याने हुआन देल कास्तियो या स्थानिक चित्रकाराकडे घेतले.

घर खाऊनपिऊन बरं होतं, त्यामुळे ‘रस्त्यावर वाढलेला अनाथ मुलगा पुढे रस्त्यावरची मुलं रंगवू लागला’ ही गोष्ट ऐकायला छान असली तरी खरी नाही. मात्र पोरकेपण काय असतं ते त्याला ठाऊक होतं, आणि पुढे शहराने त्याला ते रोज दाखवलं.

शहराने म्हणजे काय? तेव्हा सेव्हियात काय चाललं होतं?

अमेरिकेतून येणारी चांदी ग्वादालकिविर नदीतून याच शहरात उतरायची. सोळाव्या शतकात युरोपातल्या सर्वांत श्रीमंत बंदरांत त्याची गणना होती. मुरियोच्या वाट्याला आला तो या भरभराटीचा उतार. १६४९ मध्ये प्लेगची साथ आली आणि काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती गेली. १६५२ मध्ये भाकरीवरून दंगल झाली. व्यापार हळूहळू काडीझ बंदराकडे सरकत होता. अनाथ मुलं, भिकारी, लंगडे सैनिक, काम शोधत आलेले खेडूत यांनी रस्ते भरलेले होते.

मठ आणि चर्च मात्र कमी झाले नव्हते. ते चित्रं मागवत राहिले, आणि मुरियोचं घर चाललं ते त्यावर.

रस्त्यावरच्या मुलांची त्याची मुख्य चित्रं कोणती?

धार्मिक चित्रांच्या मानाने ही मोजकीच आहेत. सर्वांत जुन्यांपैकी एक म्हणजे पॅरिसच्या लूव्रमधला ‘भिकारी मुलगा’, १६४५ ते ५० च्या दरम्यानचा. खिडकीतून उन्हाचा पट्टा कोपऱ्यात पडलाय, भिंतीला टेकून बसलेला मुलगा सदऱ्यातल्या उवा शोधतोय. शेजारी मातीचं भांडं, कलंडलेल्या टोपलीतून बाहेर आलेली फळं, जमिनीवर कोळंबीची टरफलं. पायाचे तळवे काळेकुट्ट. चित्रात दुसरं कोणी नाही. हे चित्र १७८२ मध्ये फ्रान्सच्या सोळाव्या लुईने विकत घेतलं.

बाकीची महत्त्वाची चित्रं जर्मनीत म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक संग्रहालयात आहेत: द्राक्षं आणि खरबूज खाणारी दोन मुलं, फासे खेळणारी मुलं, फळं विकून आलेले पैसे मोजणारी मुलगी, आणि नातवाच्या डोक्यातल्या उवा काढणारी आजी. हे शेवटचं माझं विशेष आवडतं. नातू आजीच्या मांडीला डोकं लावून पाव चघळतोय, कुत्र्याचं लक्ष पावावर आहे, आणि आजीचं लक्ष फक्त केसांत. लंडनच्या डलिच गॅलरीतही अशी चित्रं आहेत. त्यातल्या एकात पाणी वाहून नेणारा एक काळा मुलगा बसलेल्या दोन मुलांकडे खायला मागतोय आणि त्यांच्यातला एक जण आपलं खाणं लपवतोय. सेव्हियात तेव्हा गुलामगिरी सर्रास होती. मुरियोच्या स्वतःच्या घरातही गुलाम होते. चित्रातल्या हसऱ्या चेहऱ्यांकडे पाहताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

ही खरी गरिबी आहे का? मुलं इतकी गुटगुटीत आणि हसरी कशी?

हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. दुष्काळ आणि साथ पाहिलेल्या शहरातल्या पोरांचे गाल असे भरलेले नसणार. नंतरच्या चित्रांत, म्हणजे १६७० च्या सुमारास, तर कपडेसुद्धा कलाकुसरीने फाटलेले वाटतात. फासे खेळणारी मुलं पाहून कोणाला दया येणार नाही. उलट त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटेल.

पण याला दुसरी बाजू आहे. तेव्हाच्या युरोपीय चित्रांत गरीब माणूस बहुतेक वेळा दोनच कामांसाठी यायचा: एक तर हसण्यासाठी, नाही तर उपदेशासाठी. दारुडा, भांडकुदळ, चोर, किंवा दान घेणारा हात. मुरियोची मुलं या दोन्हींतली नाहीत. ती खाण्यात गुंतलेली आहेत. खरबूज खाणाऱ्या मुलाचा गाल घासाने फुगलाय, तोंड भरलेलं असतानाच तो सोबत्याकडे बघतोय, आणि सोबती मान मागे टाकून द्राक्षांचा घोस वरून तोंडात सोडतोय. प्रेक्षकाकडे त्यांचं लक्षच नाही. मला या चित्रांचा मोठेपणा इथे वाटतो. त्यांना आपली दया नको आहे आणि आपली परवानगीही नको आहे.

लूव्रमधला एकटा मुलगा मात्र या सगळ्यांत वेगळा. तिथे हसू नाही. प्लेगच्या आसपासच्या वर्षांतलं ते चित्र आहे आणि त्यात ते दिसतं.

अशी चित्रं विकत कोण घ्यायचं?

सेव्हियातली चर्च नव्हे आणि बहुधा स्पॅनिश सरदारही नव्हे. गिऱ्हाईक मुख्यतः परदेशी व्यापारी होतं, विशेषतः आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सकडून येऊन सेव्हियात स्थिरावलेलं. त्यांच्या मायदेशी खानावळीतले शेतकरी, पत्ते खेळणारे सैनिक अशा विषयांची चित्रं घरात लावायची रीत होती. रेशमाचा फ्लेमिश व्यापारी निकोलास ओमासूर हा मुरियोचा मोठा संग्राहक. मुरियोच्या मृत्यूनंतर त्याच्या आत्मचित्राचं खोदचित्र ओमासूरनेच ब्रुसेल्समध्ये करवून घेतलं. पुढे १६९८ मध्ये बव्हेरियाचा (राजधानी म्युनिक) शासक मॅक्स एमानुएल याने अँटवर्पच्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मोठ्या खरेदीत मुरियोची मुलंही होती. म्युनिकला ही चित्रं पोचली ती अशी.

याचा एक मजेशीर परिणाम झाला. ज्या शहराच्या रस्त्यांवरून ही मुलं उचलली, त्या शहराला ती चित्रं फारशी माहीतच नव्हती. सेव्हियाचा मुरियो वेदीवरचा आणि उत्तर युरोपचा मुरियो रस्त्यावरचा, अशी फाळणी त्याच्या हयातीतच झाली. त्याची दोन तोंडं आपल्याला वेगवेगळी वाटतात याचं कारण त्याच्या मनात नाही, बाजारात आहे.

त्याच्या आधी सेव्हियात असे विषय कोणी रंगवले होते का?

हो, आणि तो माणूस साधासुधा नव्हता. डिएगो वेलास्केझ याच शहरातला. विशीच्या आसपास त्याने अंडी तळणारी म्हातारी (१६१८), पाणी विकणारा म्हातारा अशी स्वयंपाकघरातली आणि गल्लीतली चित्रं केली आणि १६२३ मध्ये तो माद्रिदला राजदरबारी गेला. त्याची माणसं गंभीर, मातकट रंगांतली, जवळजवळ दगडात कोरल्यासारखी. मुरियोकडे मुलं आली आणि हालचाल आली. मुरियो १६५८ मध्ये माद्रिदला जाऊन आल्याची नोंद आहे. तिथे राजाच्या संग्रहातले रुबेन्स, व्हॅन डाइक आणि व्हेनिसचे चित्रकार पाहिल्यावर त्याचा हात मोकळा झाला असं बहुतेक अभ्यासक मानतात.

धार्मिक चित्रांत रोजचं जगणं कुठे दिसतं?

जवळपास सगळीकडे, फक्त नजर मधल्या संतावरून बाजूला न्यायला हवी.

त्याचं पहिलं मोठं काम म्हणजे सेव्हियाच्या फ्रान्सिस्कन मठातल्या छोट्या ओवऱ्यांसाठी १६४५ नंतर केलेली चित्रमालिका. तो मठ आज नाही. त्या जागी शहराचा ‘नवा चौक’ आहे. मालिकेतलं ‘देवदूतांचं स्वयंपाकघर’ (१६४६) लूव्रमध्ये आहे, लांबी साडेचार मीटर. प्रार्थनेत तल्लीन झालेला मठाचा आचारी जमिनीपासून वर उचलला गेलाय आणि त्याचं राहिलेलं काम देवदूत उरकतायत. चमत्कार डावीकडे. उजवीकडे मोठाले पंख असलेले देवदूत खलबत्त्यात कुटतायत, चुलीवरच्या हंड्यात ढवळतायत, टेबल मांडतायत. खाली भाज्या, मडकी, तांब्याची भांडी. मला वाटतं, मुरियोला संत जितका आवडला तितकीच ती भांडीही आवडली. पंखवाल्या पाहुण्यांना त्याने खरंच कामाला लावलंय. कोणी नुसतं उभं राहून गात नाही.

त्याच मालिकेत संत दिएगो गोरगरिबांना जेवण वाढतानाचं चित्र आहे, आता माद्रिदच्या सान फर्नांदो अकादमीत. अन्नाच्या मोठ्या हंड्यापुढे संत गुडघे टेकून प्रार्थना करतोय. भोवती मुलं हात जोडून, आणि मागे वाडगे घेऊन म्हातारे. त्या मुलांकडे नीट पाहा: म्युनिकच्या चित्रांतली पोरं इथे आधीच येऊन बसली आहेत. फक्त इथे त्यांना रांगेत उभं राहायचंय.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं ‘पाखरू असलेलं पवित्र कुटुंब’ (साधारण १६५०) आणखी पुढे जातं. कोणाच्याही डोक्यामागे तेजोवलय नाही. छोट्या येशूने मुठीत पाखरू धरून कुत्र्याला खिजवायला वर उचललंय, योसेफ त्याला सावरतोय, मागे त्याचं सुतारकामाचं सामान आहे, आणि मरिया सूत गुंडाळता गुंडाळता थांबून बघतेय. विषय माहीत नसेल तर कामावरून उसंत काढलेलं एखादं कारागीर कुटुंब म्हणूनच हे चित्र खपेल. त्यातही योसेफ म्हातारा, कडेला ढकललेला नाही. तरणा बाप आहे, आणि मूल त्याच्याकडे आहे.

कारिदादच्या चित्रांबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण मुरियोचे दोन्ही धागे तिथे एका जागी येतात.

सांता कारिदाद हे सेव्हियातलं एक बंधुमंडळ. त्याचं मूळ काम बुडून मेलेल्यांचं, फाशी गेलेल्यांचं, बेवारशांचं दफन करणं. १६६३ मध्ये मिगेल मान्यारा हा धनाढ्य व्यापारी घराण्यातला विधुर त्याचा प्रमुख झाला आणि त्याने दफनाला रुग्णसेवा जोडली. (नाटकांतला प्रसिद्ध बाईलवेडा डॉन हुआन तो हाच, असं तिथले वाटाडे हमखास सांगतात. डॉन हुआनचं मूळ नाटक १६३० मध्ये छापलेलं मिळतं, तेव्हा मान्यारा तीन वर्षांचा होता.) मुरियो १६६५ मध्ये या मंडळाचा सभासद झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्याने मंडळाच्या चर्चसाठी दयेच्या कृत्यांची मालिका रंगवली.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात सांगितलेली ही सहा कृत्यं. भुकेल्यांना अन्न: भाकरी आणि मासळीचा चमत्कार. तान्हेल्यांना पाणी: मोशे खडकातून पाणी काढतो. परक्याला आसरा: अब्राहाम आणि तीन देवदूत. उघड्याला वस्त्र: उधळा पुत्र घरी येतो. आजाऱ्याची भेट: बेथेस्दाच्या तळ्याकाठचा पक्षाघाती. बंदिवानाची भेट: तुरुंगातून सुटणारा पेत्र. सातवं कृत्य म्हणजे मृतांचं दफन, ते मुख्य वेदीवर पेद्रो रोल्दानने शिल्पात केलं. दाराशी हुआन दे वाल्देस लेआलची मृत्यूवरची दोन भीषण चित्रं. चर्चमध्ये शिरताना कुजणारा बिशप पाहायचा, मग काय करायला हवं ते मुरियोकडून शिकायचं, अशी सगळी रचना.

मोशेच्या चित्रात पाणी फुटलंय आणि माणसं, जनावरं, पोरंबाळं त्यावर तुटून पडलीत. मोशे मध्ये उभा राहून वर बघत आभार मानतोय. पण चित्र ज्यामुळे जिवंत आहे ते म्हणजे मडकं पुढे करणाऱ्या बायका, आईच्या हातातल्या भांड्याकडे झेपावणारं मूल, घोड्यावर बसलेला मुलगा. दीर्घ तहान लागलेल्यांची गर्दी कशी वागते हे त्याने पाहिलेलं होतं.

याच चर्चमधलं हंगेरीच्या संत एलिझाबेथचं चित्र मला सगळ्यांत धीट वाटतं. राजकन्या, डोक्यावर मुकुट, चांदीचं घंगाळ, आणि ती एका मुलाचं खवड्याने भरलेलं डोकं स्वतःच्या हाताने धुतेय. पुढे एक माणूस पायाची पट्टी सोडवतोय, दुसरा मुलगा डोकं खाजवतोय. दरबारी बायकांचे चेहरे जरा बाजूला. मंडळातल्या श्रीमंत सभासदांनी रोगी माणसाला हात लावावा हा मान्याराचा आग्रह होता. चित्र त्यांच्यासाठी होतं, रोग्यांसाठी नव्हे.

मरियेचं एकच चित्र त्याने पुन्हा पुन्हा का काढलं?

पांढरा झगा, निळा शेला, पायाखाली चंद्रकोर, भोवती ढग आणि बालदूत. या ‘निष्कलंक मरिये’ची दोन डझनांच्या आसपास चित्रं त्याच्या नावावर आहेत. मरिया आईच्या उदरात आल्या क्षणापासून आदिपापापासून (ख्रिस्ती श्रद्धेत प्रत्येक माणसाला जन्मतः चिकटलेलं पाप) मुक्त होती, असं हे मत. रोमने ते अधिकृत सिद्धांत म्हणून १८५४ मध्ये जाहीर केलं. पण सेव्हिया त्याच्या कितीतरी आधीपासून या मतासाठी वेडी होती. मुरियोच्या जन्माच्या सुमारास त्यासाठी मिरवणुका निघत होत्या. १६६१ मध्ये पोप सातव्या अलेक्झांडरने या भक्तीला मान्यता देणारं फर्मान काढलं आणि मागणीला उधाण आलं. जुन्या चित्रांत मरियेभोवती बाग, विहीर, आरसा अशी चिन्हांची जंत्री असे. मुरियोने ती बहुतेक काढून टाकली आणि उरला प्रकाश आणि वर जाणारी एक कोवळी मुलगी.

गोव्याच्या वाचकांना हे परकं वाटू नये. पणजीचं पायऱ्यापायऱ्यांचं पांढरं चर्च याच निष्कलंक गर्भसंभवाच्या मरियेचं आहे आणि तिचं फेस्त ८ डिसेंबरलाच असतं. शिवाय १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, म्हणजे मुरियोच्या लहानपणी सेव्हिया आणि गोवा एकाच राजाची प्रजा होते.

कोकराजवळ बसलेला छोटा येशू ही कल्पना त्याचीच का?

नाही. येशूला ‘उत्तम मेंढपाळ’ म्हणून, पण लहान मुलाच्या रूपात दाखवायची पद्धत तेव्हा बऱ्याच ठिकाणी रुजली होती. गोव्यात सतराव्या शतकात याच विषयाची हस्तिदंती शिल्पं मोठ्या प्रमाणात कोरली जात: डोंगराच्या टोकावर बसलेला, डोळे मिटलेला बालमेंढपाळ, अंगाखांद्यावर मेंढरं, खाली झरा. ती जहाजांतून पोर्तुगाल-स्पेनकडे जात. मुरियोवर गोव्याचा प्रभाव होता असं यातून निघत नाही, कोणी तसं म्हणत असेल तर ऐकू नये. दोन्हीकडे एकाच भक्तीची लाट पोचली होती इतकंच. मुरियोचा मेंढपाळ (प्रादो, साधारण १६६०) डोळे उघडे ठेवून थेट आपल्याकडे बघतो, एक हात मेंढीच्या पाठीवर.

‘खिडकीतल्या दोघी’ वेश्या आहेत का?

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनातलं हे चित्र १६५५ ते ६० च्या सुमाराचं. तरुणी खिडकीच्या कठड्यावर रेलून बाहेर बघतेय, मागची थोराड बाई शालीने तोंड झाकून हसू दाबतेय. त्यांना वेश्या ठरवणारे जुन्या काळापासून आहेत आणि न मानणारेही आहेत. चित्रात निर्णय देणारा पुरावा नाही. रस्त्यावर काहीतरी घडलंय, ते आपल्याला दिसत नाही, आणि दोघींना ते गमतीचं वाटतंय. शक्यता अशीही आहे की ज्याला हसल्या तो आपणच.

रंगकामाचं त्याचं तंत्र काय होतं?

सुरुवातीच्या चित्रांत एका बाजूने येणारा कडक प्रकाश आणि गडद सावल्या. नंतर कडा विरघळत जातात आणि शेवटी सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं. जुने समीक्षक याला ‘थंड, उबदार आणि बाष्पमय’ अशा तीन अवस्था म्हणत. नीट वाटणी होत नाही, पण नवख्याला उपयोगी पडते. सेव्हियाचे चित्रकार कॅनव्हासवर पहिला थर नदीकाठच्या तपकिरी मातीचा देत. मुरियोच्या सावल्यांतली ऊब बरीचशी त्या मातीची आहे.

एक नवल सांगायलाच हवं. त्याने काही छोटी चित्रं चक्क ऑब्सिडियनवर, म्हणजे मेक्सिकोतून आलेल्या काळ्या ज्वालामुखी काचेवर काढली. दोन लूव्रमध्ये, एक अमेरिकेत ह्यूस्टनला. रात्रीच्या प्रसंगांत काळोख रंगवायची गरजच पडली नाही. दगडच रात्र झाला.

इतकी चित्रं सेव्हियाबाहेर कशी गेली?

थोडी विकली गेली. १७७९ मध्ये स्पॅनिश सरकारने मुरियोसारख्या दिवंगत चित्रकारांची चित्रं देशाबाहेर न्यायला बंदी घातली, यावरून ओघ लक्षात येईल. पण मोठा घाव १८१० चा. नेपोलियनच्या फौजा सेव्हियात शिरल्या आणि मठांतली हजाराच्या घरातली चित्रं अल्काझार राजवाड्यात गोळा केली. फ्रेंच सेनापती मार्शल सूल्ट याने त्यातली उत्तम उत्तम स्वतःसाठी ठेवली. कारिदादच्या मालिकेतली चार त्याने नेली: उधळा पुत्र आज वॉशिंग्टनला, अब्राहाम ओटावाला, बेथेस्दा लंडनला, पेत्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये. मोशे आणि भाकरींची चित्रं जागेवर राहिली. संत एलिझाबेथ पॅरिस आणि माद्रिदची वारी करून १९३९ मध्ये परतली. कापुचिन पंथाचे साधू हुशार निघाले. फौजा येण्याआधीच त्यांनी आपली चित्रं हलवली, म्हणून तो संच आज सेव्हियाच्या ललितकला संग्रहालयात जवळपास एकत्र दिसतो.

सूल्टने नेलेली एक निष्कलंक मरिया १८५२ च्या लिलावात लूव्रने सहा लाखांहून अधिक फ्रँक मोजून घेतली. तोवर एखाद्या चित्राला क्वचितच इतकी किंमत आली असेल. १९४१ मध्ये फ्रान्सने स्पेनशी केलेल्या अदलाबदलीत ती परत आली, पण प्रादोत, सेव्हियात नाही. तिची मूळ चौकट अजून सेव्हियात आहे.

चित्रातून संत कापून नेल्याची गोष्ट खरी आहे?

खरी. सेव्हियाच्या मुख्य चर्चमधल्या ‘संत आंतोनीचं दर्शन’ (१६५६) या साडेपाच मीटर उंच चित्रातून नोव्हेंबर १८७४ मध्ये चोरांनी गुडघे टेकलेला संत तेवढा कापून नेला. पुढच्या जानेवारीत तो न्यूयॉर्कमध्ये एका कलाव्यापाऱ्याकडे विकायला आला. व्यापाऱ्याने ओळखलं, २५० डॉलर देऊन घेतला आणि स्पॅनिश वकिलातीच्या हवाली केला. संत परत शिवला गेला. तिरप्या उजेडात जोड दिसतो म्हणतात. अंतर इतकं ठेवलंय की मला तरी दिसला नाही.

त्याला ‘गोडगोड’ म्हणून नावं का ठेवतात?

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तो युरोपातल्या सर्वांत लोकप्रिय चित्रकारांपैकी होता. इंग्लंडचा चित्रकार गेन्सबरो त्याच्या पोरांवर लुब्ध होता. मग छपाई स्वस्त झाली. त्याच्या मरिया आणि बालयेशू प्रार्थनापुस्तकांत, कॅलेंडरांवर, चॉकलेटच्या डब्यांवर आले, मूळ चित्र न पाहिलेल्या लाखो लोकांनी छापील गुलाबी गाल पाहिले, आणि विसाव्या शतकाने गोया, वेलास्केझ, एल ग्रेको या स्पेनच्याच इतर चित्रकारांच्या बाजूने कौल दिला. दोष निव्वळ छपाईचा नाही. त्याच्या काही बालयेशूंचे वर वळलेले डोळे मलाही झेपत नाहीत, आणि कार्यशाळेतून बाहेर पडलेल्या प्रती तर फारच. पण जिथे त्याच्या हाताशी काही वस्तू आहे, म्हणजे टोपली, हंडा, फाटकी बाही, कुत्रा, तिथे तो कधी खोटं बोलत नाही. २०१७-१८ मध्ये चारशेव्या जन्मवर्षानिमित्त सेव्हियात भरलेल्या प्रदर्शनांनी मत बरंच बदललं.

तो मचाणावरून पडून मेला का?

पालोमीनो या चरित्रकाराने १७२४ मध्ये तसं लिहिलंय: काडीझच्या कापुचिन चर्चसाठी संत कॅथरिनचं चित्र करताना पडला. ते चित्र त्याचा शिष्य मेनेसेस ओसोरिओ याने पुरं केलं. मुरियो ३ एप्रिल १६८२ रोजी सेव्हियात वारला. ज्या सांता क्रूझ चर्चमध्ये त्याला पुरलं, ते फ्रेंचांनी पाडलं. आता तिथे चौक आहे.

सेव्हियात एकच दिवस मिळाला तर काय पाहावं?

सकाळी ललितकला संग्रहालय. संग्रहालय ज्या जुन्या मठात आहे, त्याच्या चर्चमध्येच कापुचिनांचा संच टांगलाय. त्यातलं व्हियानुएव्हाच्या संत तोमासचं दानाचं चित्र मुरियो ‘माझं चित्र’ म्हणायचा असं पालोमीनो सांगतो. डाव्या कोपऱ्यात मिळालेलं नाणं आईला दाखवणारं मूल चुकवू नका. तिथून मुख्य चर्चमध्ये संत आंतोनी, मग चालत कारिदाद. तिथल्या चार जागी आता प्रती लावल्यात, ते आधीच माहीत असलेलं बरं. मोशे, भाकरी आणि संत एलिझाबेथ अस्सल. वेळा सणासुदीला बदलतात आणि दुपारी दारं बंद असू शकतात, तेवढी चौकशी करून निघा. रस्त्यावरची पोरं मात्र सेव्हियात सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी म्युनिकचं तिकीट काढावं लागेल.